फ्रीझिंग रेन आणि दारातली झुडपं: ओंटारिओत पहिला हिवाळा काढणाऱ्यांसाठी

कॅनडात टोरांटोजवळ मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन, कुठल्याही नव्या वस्तीत घर घ्या. पुढच्या दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक उंच, निमुळतं, गर्द हिरवं झुडूप बहुतेक वेळा आधीच उभं असतं. नर्सरीत त्याला एमरल्ड सीडर म्हणतात. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी मोरपंखी लावतात, तिच्याच कुळातलं. वर्षभर हिरवं राहतं, फारसं काही मागत नाही, म्हणून नवा माणूस त्याच्याकडे लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं.

२०१३ च्या डिसेंबरात, २१ तारखेच्या रात्रीपासून २२ च्या सकाळपर्यंत टोरांटो परिसरावर फ्रीझिंग रेन, म्हणजे शिवेल तिथे गोठणारा पाऊस, कोसळला. एकट्या टोरांटो शहरात तीन लाखांच्या आसपास वीजग्राहक अंधारात गेले. आमचा इथला तो पहिलाच हिवाळा. सकाळी दार उघडलं तर डावीकडचा सीडर कमरेत वाकून पायरीला टेकलेला, आणि त्याच्या प्रत्येक पानावर काच चढवल्यासारखा बर्फ. मला वाटलं, ओझं उतरवलं की बिचारा उभा राहील. झाडूचा दांडा घेतला आणि फांद्यांवर ठोकायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या ठोक्याला आतून कडाड् असा आवाज आला. पाच बुंध्यांपैकी दोन खालच्या बेचक्यातून सोलून निघाले. बर्फाने त्याला फक्त वाकवलं होतं. मोडलं मी.

समोरच्या घरातल्या आजोबांचे दोन्ही सीडर त्या सकाळी सरळ उभे होते. नोव्हेंबरात ते सुतळी घेऊन त्यांच्याभोवती फिरताना मी पाहिले होते, आणि कशासाठी, हे विचारलं नव्हतं. त्यांच्याकडून पुढे जे शिकलो आणि त्यानंतरच्या हिवाळ्यांत स्वतः जे करत आलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. यातलं जवळजवळ सगळं काम बर्फ पडायच्या आधीचं आहे. बर्फ चढल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं.

## थंडी वेगळी, ओझं वेगळं

निफाडला पारा घसरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दव गोठलं की पेपरात फोटो येतात. आपल्याला झाडाच्या बाबतीत थंडीची जी काळजी ठाऊक आहे ती ही: कोवळ्या भागातलं पाणी गोठून पान करपू नये. इथल्या झुडपांच्या बाबतीत ती काळजी बरीचशी आधीच मिटलेली असते. नर्सरीतल्या रोपाच्या चिठ्ठीवर झोनचा, म्हणजे थंडीनुसार पाडलेल्या पट्ट्याचा, आकडा असतो. आकडा जितका लहान तितकं ते झाड जास्त थंडी सोसतं. आपल्या भागाच्या झोनला चालणारं झाड घेतलं तर नुसत्या थंडीने ते सहसा मरत नाही. पण झोनचा आकडा ओझ्याबद्दल काहीच सांगत नाही.

मराठीत आपण सरसकट बर्फ म्हणतो, इथे मात्र त्याचे प्रकार ओळखावे लागतात. कोरडं भुसभुशीत हिम फांदीवरून फुंकरीनेही उडतं. ओलं, जड हिम चिकटून बसतं, पण हाताने काढता येतं. कधी साबुदाण्यासारखे गोळे पडतात. ते टणटण उडून खाली जातात, त्यांची भीती नाही. भीती फ्रीझिंग रेनची. ढगातून निघालेलं हिम मधल्या उबदार थरात वितळून पाऊस होतं, आणि जमिनीलगत पुन्हा शून्याखालची हवा लागते. हा खालचा थर पातळ असला की थेंबाला हवेत गोठायला वेळ मिळत नाही. तो शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि ज्याला शिवेल तिथे गोठतो: तारेवर, गाडीच्या काचेवर, सीडरच्या पानावर. थर जाड असेल तर वाटेतच त्याचा साबुदाणा होतो.

ओझं किती, याचा एक हिशोब करून बघा. पेन्सिलीहून बारीक, ५ मिलिमीटर जाडीची आणि एक मीटर लांबीची फांदी घ्या. तिचं स्वतःचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास. तिच्यावर चोहोबाजूंनी एक सेंटिमीटर बर्फ चढला तर त्या बर्फाचं वजन होतं सुमारे ४३० ग्रॅम. म्हणजे स्वतःच्या वीसपटीहून जास्त ओझं ती फांदी रात्रभर पेलते. शिवाय गोठलेलं लाकूड ठिसूळ झालेलं असतं. उन्हाळ्यात जी फांदी वेतासारखी वाकते, ती जानेवारीत काडीसारखी तुटते. १९९८ च्या जानेवारीत मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला पाच-सहा दिवसांत काही ठिकाणी १०० मिलिमीटरहून जास्त फ्रीझिंग रेन पडला, तेव्हा विजेचे पोलादी मनोरेसुद्धा दुमडले होते.

## सप्टेंबर: घराभोवती एक फेरी

सगळीच झुडपं बांधत बसायची गरज नाही. एखाद्या शनिवारी घराभोवती फिरा आणि प्रत्येक झुडपापाशी तीन गोष्टी बघा. हिवाळ्यातही पानं राहतात का? जमिनीपासून किंवा थोड्या वरून अनेक बुंधे फुटलेत का? आणि त्याच्या डोक्यावर काय आहे: मोकळं आकाश, छपराची वळचण, की मोठ्या झाडाची फांदी?

पहिल्या दोन्ही प्रश्नांना ‘हो’ असेल तर ते झुडूप यादीत सगळ्यात वर. सीडर, उभा यू, उभा ज्युनिपर हे सगळे इथे येतात. पानांमुळे बर्फाला बसायला भरपूर जागा, आणि अनेक बुंधे असल्यामुळे ओझं आलं की ते फुलासारखे चहूकडे उघडतात. एकदा उघडलेला सीडर पुढच्या वेळी आणखी लवकर उघडतो.

बॉक्सवूड बुटका असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो मधोमध फाकतो, विशेषतः वरून टेबलासारखा सपाट कापलेला असेल तर. हायड्रेंजियाच्या वाळलेल्या फुलांचे गुच्छ बर्फाला आयत्या वाट्या पुरवतात.

लायलॅक, फोर्सिथिया, लाल खोडाचा डॉगवूड, स्पायरिया यांची पानं गळून गेलेली असतात. नुकसान झालं तरी ही मंडळी बुडातून पुन्हा फुटतात. यांच्यावर सुतळी खर्च करू नका.

## छाटणी, पाणी, आच्छादन

छाटणीचा मोह ऑगस्टच्या मध्यानंतर आवरा. उशिरा कापलं की नवे कोंब फुटतात, आणि ते लाकूड पक्कं व्हायच्या आत थंडी गाठते. नायट्रोजनचं खतही जुलैअखेर थांबवा, कारण तेच. बॉक्सवूडला जून-जुलैत कापतानाच वरून घुमटासारखा गोल आकार द्या, म्हणजे बर्फ बाजूंनी घसरतो. लायलॅक आणि फोर्सिथिया वसंतात फुलून गेल्यावर लगेच कापायचे. शरदात कापलेत तर पुढच्या वर्षीची फुलंच कापलीत म्हणून समजा. अपवाद: मेलेली किंवा अर्धवट मोडलेली फांदी कधीही काढावी. ‘लाइमलाइट’ किंवा ‘अ‍ॅनाबेल’ जातीच्या हायड्रेंजियाची वाळकी फुलं नोव्हेंबरात खुडली तर चालतं, त्या नव्या फांदीवर फुलतात. मोठ्या पानांच्या, निळ्या-गुलाबी फुलांच्या हायड्रेंजियाला मात्र हात लावू नका, तिच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या टोकाला तयार बसलेल्या असतात.

पाणी जमीन गोठेपर्यंत द्यायचं. इथे पाऊस सुरू झाला की आपण होज गुंडाळून ठेवतो, पण वळचणीखालच्या झुडपाला पाऊस पोचतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा, सावकाश, मुळांपर्यंत. सदाहरित झुडूप हिवाळ्यातही पानांतून थोडं पाणी गमावतं आणि गोठलेल्या मातीतून ते भरून काढू शकत नाही. मग मार्चमध्ये एक बाजू तांबडी पडते, आणि अशी वाळलेली फांदी बर्फाखाली आधी जाते. बुडाशी पाच ते आठ सेंटिमीटर लाकडी भुग्याचं किंवा पाचोळ्याचं आच्छादन घाला, बुंध्याला चिकटू न देता.

कुंड्यांतली तुळस आणि कढीपत्ता एव्हाना घरात आलेले असायला हवेत. त्यांच्या बाबतीत प्रश्न खरोखरच थंडीचा आहे.

## नोव्हेंबर: सुतळी

हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि याला एका झुडपामागे दहा मिनिटंही लागत नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, तापमान शून्याच्या वर असलेला कोरडा दिवस निवडा. गारठलेल्या फांद्या आवळू नयेत.

साधी ज्यूटची सुतळी घ्या, इथे हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. नायलॉनची दोरी नको, ती सालीत रुतते. तार तर मुळीच नको.

झुडूप आतून नीट बघा. बुंधे वेगळे होत असतील तर जमिनीपासून साधारण दोन-तृतीयांश उंचीवर ते आतल्या आत मऊ कापडाने एकत्र धरून ठेवायचे. जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या चार बोटं रुंद पट्ट्या यासाठी फार चांगल्या. पट्टी प्रत्येक बुंध्याभोवती आठच्या आकड्यासारखी फिरवा, म्हणजे बुंधे एकमेकांवर घासणार नाहीत.

मग बाहेरून सुतळी. एकाने झुडपाला मिठी मारल्यासारख्या फांद्या वर आणि आत घ्यायच्या, दुसऱ्याने बांधायचं. खाली मुख्य बुंध्याला सैल फास देऊन सुरुवात करा आणि सुतळी गोल फिरवत वर जा, दोन वेढ्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून. नेहमी खालून वर, कारण त्यामुळे प्रत्येक वेढा फांद्यांना त्यांच्या वाढीच्या दिशेने उचलतो. वरून खाली गेलात तर त्या दाबल्या जाऊन आत मुडपतात.

किती घट्ट? फांद्या आपल्या जागी राहाव्यात, पण सुतळीखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. लहान मुलीची वेणी घालताना केस ओढले जाऊ नयेत म्हणून हात जसा सैल ठेवतो, तसा ठेवा. झुडूप आवळून खांबासारखं केलंत तर आत हवा खेळत नाही आणि पानं पिवळी पडून गळतात. वरच्या टोकाला सुरगाठ मारा, निरगाठ नको. एप्रिलमध्ये गार बोटांनी तीच गाठ सोडायची आहे.

बॉक्सवूडला सुतळीऐवजी पक्ष्यांपासून फळं वाचवण्याची बारीक जाळी बाहेरून हलकेच गुंडाळा. फाकण्याला तेवढा अटकाव पुरतो.

## वळचणीखालची झुडपं

आपण वळचण म्हटली की पागोळ्या आठवतात. इथे मार्चमध्ये छपरावरचा बर्फ थोडा वितळतो, घसरतो, आणि अख्खी लादीच्या लादी खाली येते. तिच्याखाली सुतळी काय करणार? इथे लाकडी आडोसा हवा.

प्लायवूडच्या दोन फळ्या वरच्या कडेला बिजागरीने जोडायच्या आणि झुडपावर तंबूसारख्या उभ्या करायच्या. फळ्या झुडपाला कुठेही टेकू नयेत, सगळीकडून निदान १५ सेंटिमीटर अंतर हवं. उतार चांगला तीव्र ठेवा, म्हणजे पडलेला बर्फ बाजूला जातो. दोन्ही टोकं उघडीच राहू द्या, वारा खेळला पाहिजे. उन्हाळ्यात हे मिटून गॅरेजच्या भिंतीला उभं राहतं.

त्याआधी शिडी लावून गटर साफ करा. पानांनी तुंबलेल्या गटरातून पाणी कडेवरून ओघळतं आणि नेमकं खालच्या झुडपावर थरावर थर गोठत जातं. कित्येक घरांत जो दोष लोक हवामानाला देतात तो गटराचा असतो.

## गोणपाट कशाला, कशाला नाही

शेजारपाजारी झुडपं गोणपाटात बांधलेली दिसतील. गोणपाट वाऱ्यापासून आणि रस्त्यावरच्या मिठाच्या फवाऱ्यापासून वाचवतं, ओझ्यापासून नाही. उलट थेट झुडपावर टाकलेलं गोणपाट पाऊस शोषतं, गोठतं आणि स्वतःच ओझं बनतं. म्हणून रस्त्याच्या किंवा ड्राइव्ह-वेच्या बाजूला झुडपापासून वीतभर लांब खुंट ठोकून त्यांवर पडदा ताणा. खुंट नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ठोकून टाका, नंतर जमीन हातोडा घेत नाही. प्लॅस्टिक कधीही नको. फेब्रुवारीच्या उन्हात आत भट्टी होते आणि रात्री पुन्हा सगळं गोठतं.

## फ्रीझिंग रेनच्या दिवशी

एन्व्हायर्नमेंट कॅनडाचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, फ्रीझिंग रेनचा इशारा आला की एक काम लगेच करायचं. झुडपांवर आधीचं हिम असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत ते काढा. मऊ केसांचा झाडू घ्या आणि फांदीखालून वरच्या दिशेने अलगद उचला. खाली झोडपलं की फांदी ओझ्यासकट आणखी खाली जाते, तिथेच तुटते. हे हिम राहिलं तर पाऊस त्यात मुरतो आणि सगळ्याचा एकच दगड होतो.

पाऊस सुरू झाला की घरात या.

सकाळी झुडूप जमिनीला टेकलेलं दिसेल. पोटात कालवतं, मला माहीत आहे. तरी हात लावू नका. ठोकू नका, हलवू नका, बर्फ सोलायला जाऊ नका. बर्फाबरोबर साल आणि कळ्या निघतात. गरम पाणी ओतू नका, त्याने साल भाजते आणि पाणी खाली जाऊन मुळाशी नवा बर्फ होतो. मीठ तर झाडाला विषच. अंगावर चादर टाकली तर ती चिकटते.

एवढं मात्र करता येतं: एखादी फांदी अधांतरी लोंबत असेल आणि वारा सुटणार असेल, तर दुबेळक्याच्या काठीला फडकं गुंडाळून ती फांदीखाली, फांदी आत्ता आहे त्याच उंचीवर टेकवून ठेवा. उचलायची नाही, फक्त आधार द्यायचा. मोठ्या झाडाखाली उभं राहून हेही करू नका. बर्फाच्या दुसऱ्या दिवशी वरून मनगटाएवढ्या फांद्या पडतात. विजेची तार खाली आलेली असेल तर तिच्यापासून दहा मीटर, म्हणजे एका स्कूल बसच्या लांबीइतकं लांब राहा आणि वीज कंपनीला कळवा; त्या बाजूचं झुडूप विसरून जा.

पायऱ्यांवर मिठाऐवजी वाळू टाका. ड्राइव्ह-वेचा खारट बर्फ फावड्याने झुडपांवर लोटू नका, ही चूक आपण सगळेच घाईत करतो.

## वितळल्यावर

वाकलेली झुडपं बर्फ गेल्यावर बऱ्याच अंशी आपली आपण उठतात, कधी दोन दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत. जी उठत नाहीत त्यांना शून्याच्या वरच्या दिवशी मऊ पट्टीने थोडं वर घ्या, आठवड्याने आणखी थोडं. एका दमात सरळ करायला जाऊ नका.

बेचक्यात फट पडली असेल, पण दोन्ही भाग अजून जोडलेले असतील, तर फट स्वच्छ असतानाच ती मिटवून रुंद पट्टीने घट्ट बांधा आणि वाढीचा एक पूर्ण हंगाम तशीच ठेवा. अधूनमधून पट्टी सैल करून पुन्हा बांधा, बुंधा जाड होत असतो.

पूर्ण मोडलेली फांदी धारदार करवतीने काढा. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्या, कडं राखून. आपल्याकडे फळबागांत छाटणीनंतर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची पद्धत आहे, म्हणून हात तिकडे वळतो. इथल्या झुडपाच्या जखमेला काही लावायची गरज नाही, कडं स्वतःच ती भरून काढतं.

जिवंत आहे की नाही याचा निकाल मेअखेरपर्यंत देऊ नका. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर बुडाकडे हातभर सरकून पुन्हा खरवडा.

यू आणि सीडर यांत एक मोठा फरक लक्षात ठेवा. यू जुन्या उघड्या लाकडातूनही फुटतो, त्याला निर्धास्त मागे कापा. सीडर तसा फुटत नाही. त्याचा हिरवा भाग संपून काड्या सुरू झाल्या की तिथून पुढे काही येत नाही. तिथे पडलेलं भोक शेजारच्या फांद्यांनी हळूहळू झाकलं तरच झाकतं. म्हणून सीडरचं कापताना हिरव्याच्या आत जाऊ नका.

## एप्रिल

रात्री शून्याच्या वर राहायला लागल्या की सुरगाठी सोडा. विसरलेली सुतळी वाढत्या फांदीत रुतते, आणि हे नुकसान बर्फाने केलेल्या नुकसानीइतकंच खरं असतं. रस्त्याकडेच्या झुडपांच्या मुळाशी दोन-तीन वेळा भरपूर पाणी सोडा, म्हणजे हिवाळाभर साठलेलं मीठ खाली धुऊन जाईल.

आणि अर्ध्याहून जास्त फाटलेला सीडर वळचणीखालचा असेल तर त्याच्या जागी पुन्हा सीडर लावू नका. आमच्या डाव्या बाजूला मी लाल खोडाचा डॉगवूड लावला. दर दोन-तीन वर्षांनी मार्चमध्ये तो जमिनीपासून वीतभर ठेवून कापतो, मेमध्ये पुन्हा फुटतो. छपरावरून लादी पडली तरी मोडतात त्या काड्या नाहीतरी कापायच्याच असतात. उजवीकडचा सीडर अजून आहे. नोव्हेंबरात तो बांधायला दोघं लागतात, कारण आता तो माझ्याहून उंच झाला आहे.